घोडनदीकाठाहून नाणेघाटाकडे

पुणे–सोलापूर लोहमार्गावरील दौंडहून १८७८ साली मनमाडकडे जाणारा फाटा सुरू झाला आणि दौंडचे जंक्शन झाले. पुण्याहून जम्मूकडे निघणारी झेलम एक्सप्रेस आजही दौंडवरूनच उत्तरेला वळते. मे-जूनमध्ये तिच्या शयनयान डब्यांतील बाकांखाली सुटकेसांच्या जोडीने पाठीवरच्या मोठाल्या सॅक कोंबलेल्या दिसतात, कारण लडाख, स्पिती, काश्मीरच्या डोंगरवाटा तुडवण्याचा छंद गेल्या काही दशकांत मराठी मध्यमवर्गाला चांगलाच जडला आहे आणि त्या वाटांवरचे बौद्ध मठ पाहणे हा त्या छंदाचाच एक भाग झाला आहे. ज्या भीमेच्या काठी दौंड वसले आहे तिला गावाच्या वरच्या बाजूला घोडनदी मिळते, घोडनदीला शिरूरच्या वरच्या अंगाला कुकडी मिळते, आणि कुकडीचा काठ धरून उगमाकडे जाऊ लागले की जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास कोरीव लेणी भेटतात, ज्यांतील बहुसंख्य बौद्ध आहेत. हिमालयातील मार्गदर्शित सांस्कृतिक पदभ्रमणाची रीत या घरच्या खोऱ्याला लावून पाहिली तर काय हाती लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सांस्कृतिक पदभ्रमणात शिखर गाठणे हा हेतू नसतो. एखादे खोरे गावागावांतून, वस्तीवस्तीतून पायी ओलांडायचे, वाटेवरची देवळे, मठ, शेते आणि घरे जाणत्या माणसाच्या सोबतीने समजून घ्यायची, असा तो प्रकार आहे. हिमाचलातील स्पिती खोऱ्यात ताबो येथे इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला मठ आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो मातीने लिंपलेल्या बुटक्या इमारतींचा पुंजका वाटतो, परंतु आतल्या अंधारात भिंतीवर टांगल्यासारख्या बसवलेल्या मातीच्या मूर्ती आणि त्यांच्यामागची भित्तिचित्रे पाहिली म्हणजे काश्मीरच्या कलावंतांचा हात आणि तिबेटी भाषांतरकारांची विद्या हजार वर्षांपूर्वी या उजाड पठारावर कशी एकत्र आली हे उमगू लागते. मठाला तेथे गोम्पा म्हणतात, स्तूपाला छोर्तेन म्हणतात, आणि मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत वाटेत आली की ती आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे असते. हे कोणी सांगितले नाही तर प्रवासी चुकीच्या बाजूने जातो, फोटो काढतो आणि पुढच्या चहाच्या टपरीची चौकशी करू लागतो. वाटाड्या वाट दाखवतो खरा, पण सांस्कृतिक पदभ्रमणात त्याचे मुख्य काम मुक्या वस्तूला बोलते करण्याचे असते.

बौद्ध धर्माच्या शोधात हिमालयाकडे पाहण्याची मराठी माणसाची सवय तशी जुनी आहे. गोव्यातील साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये घरातून बाहेर पडले, पुणे, ग्वाल्हेर, काशी अशी मजल करत संस्कृत शिकले आणि बुद्धाचा धर्म जिवंत असेल या आशेने नेपाळपर्यंत पोहोचले. तेथील अवस्था पाहून त्यांची निराशा झाली आणि पुढे श्रीलंकेत जाऊन त्यांनी पाली भाषेचा अभ्यास केला. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी हे गणितज्ञ होते, पुण्यात राहत, आणि हातात काठी घेऊन पुण्याभोवतीचे डोंगर, घाटवाटा, गावकुसाबाहेरची दैवते आणि लेणी पायांखाली घालत. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी घाटवाटांच्या नाक्यांवर बौद्ध लेणी आणि गावदेवीची ठाणी शेजारी शेजारी का आढळतात याचा विचार केला आहे. वडिलांना जे नेपाळात मिळाले नाही त्याच्या खुणा मुलाला घरापासून दिवसाभराच्या अंतरावर मिळाल्या, असे म्हणता येईल; अर्थात पित्याला जिवंत धर्म हवा होता आणि पुत्राला इतिहास, हा फरक विसरून चालणार नाही.

या प्रदेशातील लोकांना खोरे या कल्पनेची ओळख कोणी करून देण्याची गरज नाही. जुन्या कागदपत्रांत आणि बोलण्यात भीमेच्या खोऱ्याला भीमनेर, घोडीच्या खोऱ्याला घोडनेर, मीनेच्या खोऱ्याला मीननेर आणि कुकडीच्या खोऱ्याला कुकडनेर म्हणत; शिवनेरी या किल्ल्याच्या नावातही तोच ‘नेर’ ऐकू येतो. सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेकडे उतरत जाणारी ही नेरे वरच्या टोकाला अरुंद, पावसाळी आणि भातशेतीची, तर खालच्या टोकाला रुंद, कोरडी आणि ज्वारी-बाजरीची असत. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाल्यानंतर खालच्या अंगाला ऊस आला आणि खोऱ्याचा रंग बदलला, तरी उतार तोच आहे. घोडनदी भीमाशंकरच्या उत्तरेस आहुपेच्या बाजूला उगम पावते. शिरूर शहराला आजही जुनी माणसे घोडनदी याच नावाने ओळखतात, इतकी नदी आणि गाव ही एकजीव आहेत.

खोरे वाचायचे तर खालून वर वाचावे, कारण या खोऱ्यातील माणसाच्या शेतीवस्तीची जुनी आणि सर्वांत नीट तपासलेली खूण खालच्या टोकाला, शिरूर तालुक्यातील इनामगावला आहे. घोडनदीच्या उजव्या तीरावरच्या पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीच्या राखेने, शेणामातीने भुरकट झालेली जमीन, जी शेतकरी काळ्या रानातून लगेच वेगळी ओळखतो. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले ताम्रपाषाणयुगीन शेतकरी येथे राहत होते; तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणारा समाज असा त्या शब्दाचा अर्थ आहे. घरे, धान्याची कोठारे आणि पाटाचे पाणी वळवण्याची सोय यांचे अवशेष येथे मिळाले, लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरल्याचे आढळले, आणि चार पायांच्या एका मोठ्या रांजणात बसलेल्या स्थितीतील प्रौढाचा सांगाडाही सापडला. मातीच्या एका झाकणबंद डबीत मस्तक नसलेल्या स्त्रीची न भाजलेली छोटी मूर्ती होती आणि तिच्याबरोबर मातीचाच एक बैल होता. बुद्धाच्या जन्माच्या आधीच घोडनेरात देवी होती. वर जुन्नरला गेल्यावर ही गोष्ट पुन्हा आठवावी लागते.

शिरूरच्या पुढे कुकडीच्या पात्रात, शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडच्या पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामध्ये, रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्याबरोबर गरगरणारे दगडगोटे काळ्या बेसाल्ट खडकाला घासत राहिले आणि हजारो वर्षांत त्यात रांजणाच्या आकाराचे खोल, गुळगुळीत खड्डे पडले. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची ठाणी आहेत. लेण्यांकडे जाणाऱ्याने येथे थोडा वेळ थांबावे, कारण वर डोंगरात माणसाने छिन्नीने जे केले तो खडक हाच आहे, आणि त्याचा कठीणपणा, त्याचे थर, त्यातल्या मऊ तांबड्या पट्ट्या या सगळ्यांचा अंदाज नदीच्या पात्रात उघड्यावर येतो. यापुढचा पट्टा उसाचा आणि मोटाररस्त्याचा आहे. तो गाडीने ओलांडून थेट जुन्नर गाठावे हे उत्तम.

जुन्नर हे गावाभोवती डोंगरांचे कडे असलेले प्राचीन नगर आहे. कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून येथे येई आणि येथून पुढे सातवाहनांच्या प्रतिष्ठान म्हणजे पैठण नगरीकडे जाई. घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने व्यापार बंद पडे. बौद्ध भिक्षूंनाही पावसाळ्यातील तीन महिने एका जागी राहण्याचा नियम होता, ज्याला वर्षावास म्हणतात. पावसात हिंडणाऱ्याच्या पायांखाली उगवते पीक आणि बारीक जीव तुडवले जातात, हे त्यामागचे कारण. व्यापाऱ्यांचा तांडा, त्यांच्या दानावर चालणारा संघ आणि त्या संघाला मुसळधार पावसात कोरडे छप्पर देणारा खडक, या तिघांची येथे गाठ पडली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून पुढची तीनएक शतके जुन्नरच्या तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत छिन्नी-हातोड्याचा आवाज चालू होता.

लेण्यांचे मुख्य प्रकार दोन. भिक्षूंनी राहण्याचे ते विहार, ज्यात मधला दालनवजा भाग आणि त्याच्या बाजूंनी छोट्या खोल्या असतात. आणि पूजेचे ते चैत्यगृह, ज्याच्या शेवटाला स्तूप असतो. स्तूप म्हणजे अर्धगोल घुमटासारखी रचना. मुळात ती अवशेषांवर रचलेली माती-विटांची टेकडी असे, येथे ती सबंध खडकातूनच कोरून काढलेली आहे. जुन्नरच्या या लेण्यांत बुद्धाच्या मूर्ती नाहीत, कारण ही लेणी ज्या काळात कोरली त्या काळात बुद्धाची उपस्थिती स्तूपानेच दाखवत. हिमालयातील मठांत सोन्याने मढवलेल्या मूर्ती पाहून आलेल्या प्रवाशाला म्हणूनच येथे प्रथम रिकामे रिकामे वाटते. खोदकाम वरून खाली होई: आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. मानमोडीवर अर्धवट सोडलेल्या लेण्यांत हा क्रम डोळ्यांनी पाहता येतो, आणि पूर्ण झालेल्या दहा लेण्यांपेक्षा असे एक अपुरे लेणे अधिक शिकवते.

विहारातील एखाद्या खोलीत शिरून पाहावे. दाराच्या चौकटीला लाकडी दाराच्या खुंटीसाठी वर-खाली खोबण्या आहेत, आत एका भिंतीला लागून गुडघ्याएवढ्या उंचीचा दगडी ओटा आहे, तोच भिक्षूचा बिछाना. खोलीबाहेर, कड्याच्या पायथ्याशी, हातभर रुंदीचे चौकोनी तोंड असलेले पाण्याचे टाके आहे; तोंड लहान आणि आतली पोकळी मोठी, म्हणजे ऊन कमी लागते, पाणी कमी उडते आणि पडलेला पाचोळा काढता येतो. कड्यावरून निथळणारे पाणी टाक्यात वळवण्यासाठी खडकात बोटभर खोलीच्या पन्हळी खोदलेल्या आहेत. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढि’ म्हटले आहे. लेण्यांवरचे बरेचसे लिखाण शिल्पाच्या सौंदर्यावर खर्च होते आणि पन्हळीकडे कोणाचे लक्ष जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. पाण्याची ही तजवीज नसती तर शिल्पाला पाहणारा उरला नसता.

गावापासून चारपाच किलोमीटरवरील तुळजा लेणी या सर्वांत जुनी समजली जातात. तेथील चैत्यगृह गोल आहे: मध्ये स्तूप, त्याच्याभोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमटाकार छत आणि खांबांच्या बाहेरून फिरण्यापुरती जागा. दर्शनी भाग कोसळला आहे, त्यामुळे मुळात अंधारात असलेला स्तूप आज थेट उन्हात आला आहे. राजस्थानातील बैराट येथे मौर्यकाळातील विटा-लाकडाच्या गोल चैत्याचा पाया मिळाला आहे आणि आंध्रातील गुंटुपल्ली येथे खडकात कोरलेले गोल चैत्यगृह आहे. परंतु या घाटाचा नमुना विरळच. गवताच्या शाकारणीच्या गोल झोपडीची ही दगडी आठवण आहे. स्पितीत छोर्तेनला उजवीकडे ठेवून फिरणारा प्रवासी जी प्रदक्षिणा घालतो तिची जागा येथे बारा खांबांच्या मागे दोन हजार वर्षांपूर्वी आखून ठेवलेली आहे.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून जावे लागते. तेथील सातव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मधे एकही खांब नसलेला प्रशस्त विहार. त्याच्या भोवतीच्या वीस खोल्या अजून आहेत आणि मागच्या भिंतीत अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. मूर्ती सबंध खडकातच असल्याने तिला प्रदक्षिणा घालता येत नाही, याचे आश्चर्य भाविकांना वाटते. पण मूळची ती भिंत आहे हे ध्यानात घेतले की आश्चर्य उरत नाही. शेजारचे सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह मात्र गणपतीच्या रांगेतील बहुतेकजण ओझरते पाहून पुढे जातात. त्याच्या खांबांच्या माथ्यांवर हत्ती, सिंह अशा प्राण्यांच्या जोड्या आहेत, आणि कमानदार छताला लाकडी वाशांसारख्या दिसणाऱ्या दगडी फासळ्या आहेत. दर्शनी भागावरचा लेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने दिले. हेरणिक हा शब्द सोनारकीशी संबंधित मानतात.

दाते कोण होते, हा जुन्नरच्या लेखांचा सर्वांत रसाळ भाग आहे. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख १८८१ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही नावे वाचकांपुढे आहेत. भडोचहून आलेल्या बुधमित आणि बुधरखित या भावांनी दोन खोल्यांचे लेणे दिले. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढि दिली. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांची संघटना, जी पतपेढीचेही काम करी. बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींकडे कोणी पैसे ठेवी आणि त्याचे व्याज संघाला मिळत राही. चिट, इरिल आणि चंद या तीन यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्या परदेशी लोकांची नावेही येथे आहेत: एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप, दुसऱ्याने दोन पोढ्या आणि तिसऱ्याने लेण्याचा दर्शनी भाग दिला. या तिसऱ्याचे, म्हणजे चंदाचे, लेणे मानमोडी डोंगरावरील भूतलेणी गटात आहे. त्याच्या मोठ्या कमानीत कमळाच्या पाकळ्या पसरल्या आहेत, मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी आहे आणि शेजारच्या पाकळ्यांत हत्ती व उपासक आहेत. वर स्तूपाच्या बाजूला नागफणा असलेली एक आणि पंख असलेली एक अशा दोन आकृती आहेत. परदेशी दाता, बौद्ध चैत्य, दारावर लक्ष्मी. त्या काळाच्या जुन्नरला यात काही वावगे वाटले नाही. त्याच डोंगरावर क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. ती शकगणना धरली तर तो इ. स. १२४ चा ठरतो, आणि राज्य शकांचे असो की सातवाहनांचे, मंडप आणि पोढ्या देण्याची चाल तीच राहिली असे दिसते.

संघ केव्हातरी गेला, खोल्या रिकाम्या पडल्या, आणि रिकाम्या जागेत खोऱ्यातली जुनी वस्ती पुन्हा आली. तुळजा लेण्यांत तुळजाभवानी बसली, लेण्याद्रीला गणपती आला, मानमोडीच्या एका गटातील जैन मूर्तींना लोक अंबा-अंबिका म्हणू लागले. मानमोडी या नावाचा लोकांनी लावलेला अर्थ ‘मान मोडणारी’ असा असला, तरी तेथील लेखात मानमुकुड असे डोंगराचे नाव आहे, आणि आजचे नाव त्याचाच अवशेष असावा हे दामोदर कोसंबींनी दाखवून दिले. सुमारे दोन हजार वर्षे एक नाव गावकऱ्यांच्या तोंडी टिकले, लेख वाचणारा एकही माणूस मध्यंतरी नसताना. इनामगावच्या डबीतली देवी आणि मानमोडीची देवी यांच्यात सलग परंपरा आहे असा दावा करता येणार नाही, पण घोडनेर-कुकडनेरात देवीची जागा कधी रिकामी राहिली नाही एवढे मात्र खरे.

हिमालयातल्या मठांत पहाटे मंत्रघोष चालतो, लोण्याचे दिवे जळतात, लहान भिक्षू चेंडू खेळतात. जुन्नरला यांतले काही नाही आणि तुलना करताना ही उणीव मान्य केली पाहिजे. तथापि येथे धर्म अगदी निमाला आहे असेही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर महाराष्ट्रातील लेण्यांकडे आपला वारसा म्हणून पाहणारा मोठा समाज उभा राहिला. शिरूर तालुक्याच्या पश्चिम सीमेवरील कोरेगाव भीमा येथील स्तंभाला १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी भेट दिली होती आणि आजही दर १ जानेवारीला तेथे लाखोंचा समुदाय येतो. यांच्यापैकी तरुणांचे गट अलीकडे रविवारी लेण्यांत जातात, झाडझुडूप आणि कचरा साफ करतात, आणि ब्राह्मी लिपी, जिला ते धम्मलिपी म्हणतात, ती शिकून लेख स्वतः वाचतात. एका बाजूला गणपतीला आलेला भाविक, दुसऱ्या बाजूला धम्मलिपी वाचणारा तरुण, वर शिवनेरीच्या माथ्यावर १६३० साली झालेल्या शिवजन्माच्या स्थळाचे दर्शन घेणारी शाळेची सहल, आणि त्याच किल्ल्याच्या कड्यांत सपाट छतावर रंगीत वर्तुळांची नक्षी अजून टिकवून असलेले बौद्ध लेणे: एकाच परिसरात इतक्या प्रकारचे यात्रेकरू स्पितीतही भेटत नाहीत.

पदभ्रमणाचा शेवटचा टप्पा जुन्नरहून पश्चिमेस, कुकडीच्या उगमाकडे जातो. चावंडच्या किल्ल्याजवळून पूर गावी आले की कुकडेश्वराचे मध्ययुगीन शिवालय लागते. कुकडीचा उगम याच परिसरात आहे. तेथून घाटघर ओलांडून जीवधन किल्ल्याच्या पायथ्याने नाणेघाटाच्या तोंडाशी पोहोचता येते. घाट म्हणजे कड्यातील अरुंद खिंडीतून कोकणात उतरणारी फरसबंद वाट. माथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत असे लोक सांगतात. माथ्याच्या थोडे खाली एक चौकोनी लेणे आहे. त्याच्या बाजूच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा दीर्घ ब्राह्मी लेख असून त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची मोजदाद आहे. मागच्या भिंतीपाशी सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमार यांच्या पूर्णाकृती प्रतिमा होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा एवढेच शिल्लक आहे. दानांच्या मोजदादीमुळे भारतातील अंकचिन्हांचा एक अतिशय जुना नमुना येथे जपला गेला. त्यात स्थानमूल्य नाही, म्हणजे दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्याचा पत्ता नाही. यज्ञ करणारी राणी घाटमाथ्यावर आणि स्तूप पूजणारे व्यापारी खाली जुन्नरात, दोघांच्याही मालाचे बैल मात्र याच फरसबंदीवरून गेले. १८२८ साली कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हा लेख पाहिला, त्यानंतर भगवानलाल इंद्रजींनी त्याचे वाचन केले, आणि सातवाहनांच्या इतिहासाला एक भक्कम आधार मिळाला.

महाराष्ट्र शासनाने जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्याचा समावेश झाला त्यात शिवनेरी आहे. असे असूनही येथील बहुतेक सहली लेण्याद्रीचा गणपती, शिवनेरी आणि परतीच्या वाटेवर मिसळ एवढ्यावरच आटोपतात. तुळजाचे गोल चैत्यगृह आणि चंदाची कमान यांच्यापर्यंत फार थोडे लोक पोहोचतात, कारण तेथे नेऊन समजावणारा माणूस सोबत नसतो. हिमालयात स्थानिक वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचे नाही हा नियम पाळणारा पुणेकर जुन्नरला मात्र मोबाइलवरच्या नकाशावर भरवसा ठेवतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या गावांतून लिपी, वनस्पती आणि डोंगर यांची थोडी थोडी माहिती असलेले तरुण आहेत. त्यांना दिवसाचा योग्य मेहनताना देऊन सोबत घेणे हा या पदभ्रमणाचा पहिला खर्च समजावा.

तीन हजार मीटरच्या वरच्या स्पितीत विरळ हवेची सवय होण्यासाठी दोन दिवस थांबावे लागते. येथे तशी अडचण नाही, पण दोन गोष्टींची मात्र खबरदारी हवी. लेण्यांच्या कमानींवर आग्या मोहोळे असतात, त्यामुळे तेथे धूर, अत्तर, फटाके, आरडाओरडा हे सगळे टाळावे. शिरूर-जुन्नरच्या उसात बिबट्याचा वावर आहे, म्हणून संध्याकाळनंतर उसाच्या बांधाने एकट्याने चालू नये. वाटेसाठी चार दिवस पुरतात: पहिल्या दिवशी इनामगाव आणि रांजणखळगे, दुसऱ्या दिवशी मानमोडी आणि शिवनेरीची लेणी, तिसऱ्या दिवशी पहाटे लेण्याद्री व दुपारनंतर तुळजा, चौथ्या दिवशी कुकडेश्वर आणि नाणेघाट. इनामगावच्या टेकाडावर आता पाहण्यासारखे फार काही उरलेले नाही, म्हणून निघण्यापूर्वी पुण्यात डेक्कन कॉलेजचे संग्रहालय पाहून घ्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पावसाळ्यात नाणेघाट देखणा असतो, पण धुक्यात आणि गर्दीत लेख दिसत नाही. ब्राह्मी अक्षरे फार झिजली आहेत, तेव्हा विजेरी सोबत ठेवावी आणि तिचा झोत समोरून न टाकता भिंतीला लगटून बाजूने टाकावा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ती वाचता येतात. अक्षरांवर खडू फिरवू नये, पाणी मारू नये आणि बोटही लावू नये.